जेवण होईपर्यंत थांबणे

नांदुरा,
बुधवार, दि. १८ फेब्रुवारी २०२६

प्रिय मंजू,
सप्रेम जयभीम.

चार वर्षं झाली तुला पत्र लिहून. त्याबद्दल आधीच माफी मागते. पुढे आणखी काही गोष्टींची मागायची आहे आणि सगळी एकदम मागितली तर खरी वाटणार नाही. फोन का केला नाहीस, असं तू विचारशील. दोनदा लावला होता, तू उचलण्याआधी मीच बंद केला. तुझा आवाज आला की मी हसून काहीतरी बोलत सुटेन आणि मुद्द्याचं राहून जाईल, हे मला माझं ठाऊक आहे. कागदावर निदान खोडलेलं दिसतं.

तुम्ही दोघं बरे असाल. प्रसेनजित भाऊजींची कंबर कशी आहे? लोणारच्या बँकेत तरी त्यांना धड खुर्ची मिळाली का? तुझं स्टेटस मी रोज बघते, परवाचं सरोवराकाठच्या मोरांचं पण बघितलं. इकडे हरभऱ्याची सोंगणी चालू आहे, दुपारी पंखा लावावा लागतो आणि संध्याकाळी बंद करावा लागतो. झालं, सगळं विचारून आणि सांगून झालं. आता मला धीर धरवत नाही.

मंजू, काम आपल्याला मिळालं!

नगरपरिषदेचं काम. डब्याचं. आपलाच डबा, पण आता साठ माणसांचा, तीन वर्षांसाठी, शिक्क्यानिशी.

पहिल्यापासून सांगते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पेपरात जाहीर सूचना आली. शहरात एकट्या राहणाऱ्या निराधार म्हाताऱ्यांना रोज दुपारचं गरम जेवण घरपोच द्यायचं. पैसे नगरपरिषदेचे, काम नोंदणीकृत संस्थेचं, आणि त्यासाठी प्रस्ताव मागवलेले. मधल्या सुट्टीत मी ती सूचना तीनदा वाचली. आपण अकरा वर्षं वर्गणी मागून, कुणाच्या बारशाला गहू, कुणाच्या तेरवीला तेलाचा डबा, असं करत जे रेटत आलो, ते तिथे दोन रकान्यांत छापून आलं होतं. बाजूच्या बाकावरच्या भोंडे सरांना म्हटलं, "हे आमचं आहे." ते म्हणाले, "काय, पेपर?"

मग बोलीपूर्व बैठक झाली. म्हणजे प्रस्ताव भरायच्या आधी सगळ्या संस्थांना बोलावतात आणि शंका विचारू देतात. मुख्याधिकारी मॅडम नवीन आहेत, वयानं आपल्यापेक्षा लहान, कमी बोलणाऱ्या. चार संस्था आल्या होत्या. त्यातली एक बाहेरच्या जिल्ह्यातली, त्यांची दोन माणसं लॅपटॉप घेऊन. त्यांनी भिंतीवर नकाशा दाखवला. दोन गाड्या, साठ डबे, सव्वा तासात वाटप पूर्ण, डबा दिला की दाराशी फोटो. मॅडम मान हलवत होत्या. आणि आपल्या कोकिळेला आठ घरी डबे द्यायला तीन तास लागतात.

मी हात वर केला. वर्गात पोरं करतात तसा, अर्धाच. "मॅडम, डबा दिल्यावर बसायचं की नाही?"

लोक हसले. लॅपटॉपवाल्यांपैकी एक म्हणाला, "ताई, डबा पोचवायचा आहे. पाहुणचार नाही करायचा."

मग मी उठून उभी राहिले आणि जनकाबाईंचं सांगितलं. तुला आठवत असेलच, पण तिथे कुणालाच माहीत नव्हतं. पहिला महिना आपण डबा उंबऱ्यात ठेवून यायचो. दुसऱ्या दिवशी तो घासूनपुसून परत मिळायचा. आपण खूश, आणि जनकाबाई मात्र वाळत चाललेल्या. मग एक दिवस तू चप्पल काढून सरळ आत जाऊन बसलीस. तेवढ्यात शेजारची शेळी दारात येऊन उभी राहिली, रोजच्या ओळखीची असल्यासारखी. सगळी पोळी-भाजी महिनाभर तिनंच खाल्ली होती. जनकाबाई म्हणाल्या होत्या, "एकटीच्या नरड्याखाली उतरत नाही वं माय. तिले देतो, तं ती निदान तोंडाकडं पायते."

त्या दिवशी तू बसलीस आणि त्या जेवल्या. डबा ठेवून निघायचं नाही, समोरचं माणूस जेवेपर्यंत बसायचं, हा आपला नियम तिथून सुरू झाला. तो तू केलास. हे मी सभेत नाव घेऊन सांगितलं, मंजू. खरंच सांगितलं.

मॅडमनी विचारलं, "म्हणजे पोचलेला डबा आणि जेवलेलं माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं तुमचं म्हणणं?"

"हो."

"लिहून द्या."

मी तिथल्या तिथे लिहून दिलं.

यानंतर चार दिवसांनी कोकिळा शाळेच्या फाटकाशी आली, डब्यांची पिशवी खांद्याला, हसू दाबत. "ताई, आज एक नवी बाई आली होती माह्यासंग. म्हने, मले तुमचं काम पाहू द्या. मी म्हटलं, चाल. चार डबे धराले देल्ले तिच्या हातात."

"कोण होती?"

"काय मालूम! साडी चांगली होती. जनकाबाईनं लय फाडलं तिले."

जनकाबाई तिला म्हणाल्या होत्या, "खांबासारखी उभी काऊन हायस वं? बस नं. उभ्या मानसापुढं मले घास उतरत नाही." बाई बसली, जमिनीवर, मांडी घालून. मग जनकाबाईंनी तिची नेहमीसारखी चौकशी केली. लग्न झालं का, पोरं किती, माहेर कुठलं, कामाले कुठं हायस. बाई म्हणाली, नगरपालिकेत. जनकाबाई म्हणाल्या, "झाडाले का हापिसात?" "हापिसात." "मंग आमच्या गल्लीतल्या नळाचं सांग नं त्याहिले! नुसती बसून राह्यली!"

मी कोकिळेला सांगितलं ती कोण असावी. तिनं पिशवी खाली टेकवली. "अवं माय! अन् मी तिले म्हटलं, वरणाचा डबा वाकडा धरू नको!"

तीस जानेवारीला शुद्धिपत्रक निघालं. म्हणजे आधीच्या सूचनेत केलेली दुरुस्ती. ते वाक्य मला पाठ झालं आहे, तरी समोर ठेवून उतरवते: 'भोजनाचा डबा लाभार्थ्याच्या हाती दिल्यानंतर संबंधित सेविकेने लाभार्थ्याचे जेवण होईपर्यंत थांबणे बंधनकारक राहील. सदर वेळेचा मोबदला सेवेच्या दरात समाविष्ट करावा.'

मंजू, 'बंधनकारक' म्हणतात ते! आजवर मला हा शब्द नेहमी अंगावर आल्यासारखा वाटायचा. कर भरणे बंधनकारक, हजर राहणे बंधनकारक. आणि आता जनकाबाईंसमोर बसणं बंधनकारक. मी आमच्या ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरं." मग मी बाहेर जाऊन कोकिळेला फोनवर वाचून दाखवलं.

पुढचे दहा दिवस घरात फक्त कागद. कार्यपद्धती लिहा, म्हणाले होते. मी आपल्या एकतीसही माणसांचं लिहिलं, कोकिळा सांगत गेली तसं. कुणाला पोळी कुस्करून लागते, कुणी आधी देवाला दाखवतं, कुणाला जेवताना कुणी बघितलेलं चालत नाही म्हणून पाठ करून बसावं लागतं. रामराव तुला आठवतात ना, जिनिंगमध्ये कापूस तोलणारे काटेवाले? त्यांची नजर आता गेली आहे. ते पहिल्या घासाआधी विचारतात, "आज पेपरात काय?" कोकिळेला वाचायला वेळ नसतो, म्हणून ती बातम्या स्वतःच तयार करते. गेल्या महिन्यात तिनं त्यांना सांगितलं की कापसाला चांगला भाव निघाला. रामराव जेवले आणि म्हणाले, "खोटं हाय, पण सांगत जा." हे मी प्रस्तावात घातलं, मग काढलं, मग पुन्हा घातलं.

समितीपुढे सादरीकरण होतं तेव्हा मी कोकिळेलाच पुढे केलं. एका सदस्यांनी विचारलं, "किती वेळ बसता?"

"जेवतात तवापर्यंत."

"आणि पुढच्या घरी उशीर झाला तर?"

"पुढचा डबा फडक्यात बांधलेला रायते. गरम रायते."

"समजा, जेवलेच नाहीत तर?"

"मंग इचारतो. तरी नाही जेवले तं ताईले फोन करतो, ताई डॉक्टरले करते. दोघायची बिमारी अशीच सापडली, सायेब. घास पाहूनच समजते."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्या नाहीत.

सत्तर गुण कामाला आणि तीस दराला होते. आपला दर सगळ्यांत कमी नव्हता, तरी आपण पहिले आलो. शुक्रवारी, तेराला, निवडीचं पत्र हातात पडलं आणि मी शाळेतून थेट कोकिळेकडे गेले. ती भांडी घासत होती.

"म्हंजे बसल्याचेबी पैसे?" तिनं विचारलं.

"हो. पगार. किमान वेतनाप्रमाणे, महिन्याच्या महिन्याला. पीएफसुद्धा. तुला आणि बाकीच्या सगळ्या बायांना."

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं, परत उचललं, उगाच आणखी एकदा विसळलं. मग म्हणाली, "मंजूताईनं पयलेच सांगतलं होतं."

इथे मला थांबावं लागतं. इथपर्यंत पत्र भराभर आलं, कारण सांगायला आनंद होता. आता पेन जड झालं आहे.

तू खरंच पहिल्यांदा सांगितलं होतंस. २०२१ च्या दिवाळीनंतरच्या सभेत. तू म्हणाली होतीस, म्हाताऱ्यांना जेवू घालणं हे नगरपरिषदेचंही काम आहे, आपण त्यांच्याकडे जाऊ, आपलं काम काय ते नीट मांडू, त्याला दर लावू आणि बायांना पगार देऊ. आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सेवेले भाव लावायचा असंल तं दुकान टाक." तू चहा संपवलास, कप आत नेऊन ठेवलास आणि निघालीस. तिसऱ्या दिवशी तुझ्या राजीनाम्याचं पाकीट आलं.

हे वाक्य मी किती वेळा मनात उलटसुलट केलं असेल. तेव्हा मला ते फार स्वच्छ वाटलं होतं. आता कळतं की माझ्यापाशी शाळेचा पगार होता, म्हणून मला सेवा परवडत होती. कोकिळेला ती परवडते का, हे मी एकदाही विचारलं नाही. उन्हातान्हात आठ घरं करून ती संध्याकाळी दुसऱ्यांच्या घरची भांडी घासायला जायची, आणि मी सभेत 'निरपेक्ष' हा शब्द वापरायची. तू तिचं बघत होतीस. मी माझं बघत होते.

एवढं लिहून झालं, आता माफीचं संपलं, असं मला वाटलं. उठून चहा केला. प्यायले. संपलेलं नाही.

करारनाम्यावर अध्यक्षांची सही लागते. आणि धर्मादाय कार्यालयाच्या ज्या उताऱ्यावर संस्थेची माणसं नोंदलेली असतात, त्यावर अध्यक्ष म्हणून अजून तुझंच नाव आहे.

तुझा राजीनामा मी तिकडे कळवलाच नाही. कळवायचं सोडच, आपल्या मंडळापुढेही ठेवला नाही. तो माझ्या २०२१ च्या डायरीत आहे, नोव्हेंबरच्या पानांत, पाकिटासकट. त्याच महिन्यात भाऊजींची बदली झाली. सगळ्यांना वाटलं तू त्यामुळे गेलीस, आणि मी तसंच वाटू दिलं. दर सभेच्या इतिवृत्तात मी 'अध्यक्ष अनुपस्थित' लिहीत आले. ते खोटं नव्हतं, म्हणून निर्धास्त होते. माझ्यासारखी माणसं अशीच खोटं बोलतात, एकेक शब्द खरा ठेवून.

का ठेवला दडवून? मी स्वतःला बरीच कारणं दिली. कागद पूर्ण नव्हते, वकील भेटले नाहीत, शाळेच्या परीक्षा होत्या. माझी डायरीची सवय तुला माहीत आहे, पानाच्या शेवटी उद्याचं एकच काम लिहायचं. तू हसायचीस, "एकच काऊन वं? बाकीचा दिवसभर काय करतं?" एकच लिहिलं की ते होतंच, म्हणून. आणि 'मंजूचा राजीनामा सभेपुढे ठेवणे' हे मी चार वर्षांत एकाही पानावर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर झालं असतं. ते व्हायला नको होतं, एवढंच त्याचं कारण. सभेनं 'मंजूर' म्हटलं असतं, तर तू खरंच गेली असतीस.

आणखी दोन गोष्टी आहेत. त्या सांगितल्याशिवाय हे पत्र बंद करायचं नाही, असं ठरवून बसले आहे.

नऊ तारखेला कागदपत्रांचे लिफाफे उघडले तेव्हा मॅडमनी सहज विचारलं, "अध्यक्ष नाही आल्या?" माझ्या तोंडून निघालं, "त्यांची तब्येत बरी नसते." असं सरळ, डोळ्यांत बघून. मी तुला आजारी पाडलं, मंजू. घरी येईपर्यंत माझी खात्री पटली की आता तुला खरंच काहीतरी होणार. चप्पल न काढता तुझं स्टेटस उघडलं. तू कुणाच्यातरी हळदीत नाचत होतीस, पिवळी साडी, हात वर. इतकं बरं वाटलं की दारातच खाली बसले.

दुसरी गोष्ट शनिवारची. निवडीचं पत्र आलं होतं, करारनाम्याचा मसुदा समोर होता आणि सहीची जागा रिकामी होती. मी डायरीच्या मागच्या पानावर तुझी सही करून बघितली. पहिली जमली नाही. दुसरीत शेवटची रेघ चुकली. तिसरी हुबेहूब आली. जमणार नाही, असं मला वाटलं होतं, आणि ती इतक्या सहज जमली. करारनाम्यावर मी ती केली नाही. पण बघितली. ते पान मी जाळणार होते. जाळलं नाही, कापून या पत्राला जोडलं आहे. ते तुझं आहे, त्याचं काय करायचं ते तू ठरव.

आज दुपारी शाळा सुटल्यावर मी मॅडमकडे गेले. जाताना पाय ओढत होते, पण खरं सांगू, दाराशी पोचल्यावर एक प्रकारची मजाच वाटायला लागली. वाटलं, आता काय व्हायचं ते होईल, मी तर सांगणार. सांगितलं. अध्यक्ष आजारी नाहीत. त्यांनी चार वर्षांपूर्वी राजीनामा दिला आहे आणि तो मी दाबून ठेवला.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मंडळानं मंजूर केला होता?"

"मंडळापुढे ठेवलाच नाही."

"म्हणजे तो अजून मंजुरीसाठी पडून आहे. त्या मागे घेऊ शकतात."

"आणि नाही घेतला तर?"

"तर तुम्ही तो मंजूर करा, नवीन अध्यक्ष निवडा, धर्मादायकडे बदल कळवा. त्याला काही महिने जातील. तेवढं मला थांबता येणार नाही. शुक्रवारी पाचच्या आत सही झाली नाही, तर दुसऱ्या क्रमांकाच्या संस्थेला बोलवावं लागेल."

दुसऱ्या क्रमांकावर लॅपटॉपवाले आहेत.

मग त्या म्हणाल्या, "तब्येतीचं तुम्ही खोटं सांगितलंत, हे मी टिपणीत लिहिणार आहे."

"लिहा."

"स्वतः येऊन सांगितलंत, तेही लिहिते." मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून आवाज आला, "आणि हो, त्या आजींना सांगा, नळाचं मी सांगितलंय."

तर आता असं आहे. सही मला हवी आहे का? हवी आहे, फार हवी आहे, नाही म्हणून मोठेपणा घेणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी कोकिळेनं विचारलं तर काय सांगू, या विचारानं घास उतरत नाही. पण ती केवळ सहीपुरती नको. तू राजीनामा मागे घेणार असशील तर मनापासून घे, परत ये, अध्यक्ष हो, माझ्याशी भांड. दर महिन्याला सभेत माझं चुकतं ते तोंडावर सांग. मी उलट बोलेन, मला माहीत आहे, पण इतिवृत्तात तुझं म्हणणं तुझ्या शब्दांत लिहीन.

आणि नाही म्हणालीस तरी चालेल. खरंच चालेल. हे मी कालपासून स्वतःला विचारते आहे आणि आज उत्तर 'हो' असं आलं. मग रविवारी तुझा राजीनामा मंडळापुढे ठेवीन आणि तो इतके दिवस कुठे होता तेही सांगेन. काम दुसऱ्यांना जाईल, पण त्यांनाही जेवण होईपर्यंत थांबावं लागेल. तू त्या दिवशी चप्पल काढून आत गेलीस, ते आता बंधनकारक झालं आहे. कोकिळेला आणि बाकीच्या बायांना कामावर घ्या म्हणून मी स्वतः त्या लॅपटॉपवाल्यांच्या दारात जाऊन उभी राहीन. उभी नाही, बसेन.

कोकिळा आत्ता येऊन गेली. मी लिहिताना बघून म्हणाली, "मंजूताईले का? मंग लिहा, जनकाबाई इचारून राह्यली होती, ते शेळीवाली पोरगी कुठं गेली म्हनून." त्यांच्या हिशेबात तू अजून पोरगी आहेस. आपण पंचेचाळिशीला आलो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. टाकलं तरी शुक्रवारच्या आत पोचायचं नाही, ही एक गोष्ट. पण पोचलं असतं तरी टाकलं नसतं. उंबऱ्यात डबा ठेवून निघून आल्यासारखं झालं असतं ते. तू वाचलंस की शेळीला दिलंस, मला कसं कळणार?

उद्या शिवजयंतीची सुट्टी आहे, शाळेतल्या कार्यक्रमाचं हेडमास्तरांना सांगून ठेवलं. पहिल्या एसटीनं खामगाव, तिथून मेहकर, मग लोणार. जेवायच्या वेळेपर्यंत पोचेन. डब्यात कोकिळेच्या हातच्या ज्वारीच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा आहे, भाऊजींना आवडतो तो. दार लावून घेतलंस तर पायरीवर बसेन. मला आत घे, असं म्हणत नाही. फक्त हे पूर्ण वाच, सावकाश, मध्ये काही बोलू नकोस. बोलायचं ते नंतर बोल. ओरडायचं असेल तर ओरड, इतक्या दिवसांनी ऐकायला बरं वाटेल.

तुझीच, आणि कागदोपत्री अजून तुझ्याच हाताखालची सचिव,
सारिका

सोबत: तुझा राजीनामा, मूळ पाकिटासकट. डायरीचं एक पान, तीन सह्यांचं.

उद्या: मंजूचं वाचून होईपर्यंत थांबणे.